रस्ता दिल्लीचा, खड्डा कुणाचा?

आमगावहून सालेकसा मागे टाकून दरेकशाकडे निघा, किंवा देवरीहून चिचगड-ककोडीची वाट धरा. दर काही किलोमीटरवर रस्त्याचा धनी बदलतो. आधी केंद्राचा राष्ट्रीय महामार्ग, मग सार्वजनिक बांधकाम विभागाचा राज्य मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग. तिथून आत वळले की जिल्हा परिषदेचा ग्रामीण मार्ग, त्याच्या तोंडाशी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा फलक. गावापलीकडची पांदण रोजगार हमीतली आणि जंगलातला तुकडा वनविभागाचा. प्रवाशाला यातले काही ठाऊक नसते. धनी बदलला हे त्याला गाडीच्या धक्क्यांवरून समजते. कार्यालयांत मात्र हाच प्रश्न वर्षभर चघळला जातो, कारण खड्डा बुजवायला पैसे कुणाच्या खात्यातून निघणार हे धन्यावर ठरते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३ लाख २२ हजार. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली. धान, भातगिरण्या, तेंदूपत्ता आणि तिरोड्याचा ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प ही इथल्या अर्थव्यवस्थेची ठळक अंगे. स्वतःच्या उत्पन्नातून रस्त्यांचे जाळे उभारण्याची ताकद असल्या जिल्ह्यात नसते, कुठल्याच ग्रामीण जिल्ह्यात नसते. त्यामुळे गेल्या पंचवीस वर्षांत इथे जे डांबर पडले त्यातला मोठा वाटा या ना त्या मार्गाने दिल्लीहून आला. तो कसा आला, कुठल्या अटींवर आला आणि काय मागे ठेवून गेला, हे एकदा सलग पाहायला हवे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गोंदियाला केंद्राचा पैसा हक्क म्हणून कमी आणि कुठल्यातरी यादीत नाव आहे म्हणून जास्त मिळाला. तो रस्ता बांधायला मिळाला, राखायला नाही. आता ते नाव यादीतून निघाले आहे.

या वादाचा पहिला कागद एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली तयार झाला. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला. पण मोटारगाड्या प्रांतांच्या हद्दी मानेनात, आणि जिल्हा बोर्डांच्या बैलगाडीच्या सडका मोटारींनी उखडून टाकल्या. म्हणून १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते हेच जयकर. रस्त्यांचा भार प्रांत आणि स्थानिक संस्थांच्या कुवतीबाहेर चालला आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा स्वतंत्र निधी करावा, हा त्यांच्या अहवालाचा गाभा. मार्च १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे जास्तीचे घेऊन केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला. थोडा भाग केंद्राने राखून बाकीची रक्कम प्रांतांना वाटायची ठरली, आणि तीही पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात. जिथे मोटारी जास्त तिथे पैसा जास्त. रस्ताच नाही म्हणून मोटार नाही आणि मोटार नाही म्हणून निधी नाही, हे चक्र मध्य प्रांतातल्या जंगलतालुक्यांच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून आले.

दुसरा कागद तर गोंदियाच्या अगदी शेजारचा. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ तयार झाली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथे पक्की झाली. आजही जिल्हा परिषदेच्या फायलींत ‘इजिमा’ (इतर जिल्हा मार्ग) आणि ‘ग्रामा’ (ग्रामीण मार्ग) अशी जी लघुरूपे सापडतात, त्यांचे मूळ या बैठकीत आहे. वर्गवारी नुसती तांत्रिक नव्हती; कुठल्या रस्त्याचा खर्च कोण करणार हेही तिने ठरवले. तेव्हा गोंदिया आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत गोंदिया द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बाघ नदीपलीकडची आठवडी बाजाराची वाट आंतरराज्य झाली. नकाशावरची रेघ हलली की रस्त्याचा खर्च करणाराही बदलतो.

राज्यघटनेने हीच विभागणी पुढे चालवली. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत, बाकीचे रस्ते राज्याच्या सूचीत, आणि ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत ग्रामीण रस्ते, मोऱ्या, पूल पंचायतींच्या ओंजळीत टाकले. कामे खाली उतरली तरी कर वरच राहिले. इथून पुढचा सगळा इतिहास ही फट बुजवण्याच्या खटपटींचा आहे.

खटपटींतली मोठी म्हणजे इंधनावरचा उपकर. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरमागे एक रुपया बसला आणि २००० साली केंद्रीय रस्ता निधी कायदा आला. त्यात वाटप आकड्यांत लिहिलेले होते. डिझेलच्या उपकरातला निम्मा ग्रामीण रस्त्यांना. उरलेल्यातला ५७.५ टक्के राष्ट्रीय महामार्गांना, १२.५ टक्के रेल्वेवरील पुलांना व फाटकांच्या सुरक्षेला, ३० टक्के राज्यांच्या रस्त्यांना. वाटप कमी वाटो की अधिक, कायद्यात लिहिलेली टक्केवारी ही राज्यांसाठी हमी होती. २०१८ मध्ये निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द घुसले, उपकर लिटरमागे आठ रुपयांवर गेला आणि कुणाला किती हे ठरवणे अर्थमंत्रालयाच्या छत्राखालील समितीकडे गेले. पैसा वाढला, हमी विरघळली.

त्यातच उपकर हा घटनेच्या २७० व्या कलमानुसार राज्यांशी वाटून घ्यायच्या करांत मोडत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने वाटपयोग्य करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला, त्यातला महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. पण ज्या करातून रस्ते होतात तो या गंगाजळीच्या बाहेर. रोवणीच्या हंगामात अर्जुनी मोरगावचा शेतकरी ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरतो तेव्हा रस्त्याचा पैसा दिल्लीला पोचतो. परत येताना तो योजनेचे नाव, निकष आणि अट घेऊन येतो.

केंद्राने असे करू नये असे मुळीच नाही. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च संघसरकारने उचलला आणि इंधनकराचा वेगळा विश्वस्त निधी केला, म्हणूनच ते जाळे उभे राहिले. पण त्यांचा पेट्रोलकर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच गोठला आहे. २००८ पासून निधीत सरकारी तिजोरीतून भर घालावी लागते, आणि दर काही वर्षांनी कायद्याची मुदत संपत आली की सगळी राज्ये श्वास रोखून बसतात. २०२१ च्या कायद्याची मुदत सप्टेंबर २०२६ ची. तिथली भांडणे वाचताना एक गोष्ट मात्र हेवा वाटावी अशी दिसते. कुठल्या राज्याला किती, याचे सूत्र कायद्यात छापलेले असते. आपल्याकडे वाद सूत्रावर होत नाही, कारण सूत्र कुणी पाहिलेलेच नसते.

आता प्रत्यक्ष रस्त्यांकडे. २५ डिसेंबर २००० रोजी अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजना (पीएमजीएसवाय) सुरू केली तेव्हा ती शंभर टक्के केंद्राची होती. सपाट प्रदेशात ५०० लोकवस्तीच्या, डोंगराळ, वाळवंटी आणि आदिवासी भागात २५० वस्तीच्या प्रत्येक ठिकाणाला बारमाही रस्ता, असा साधा निकष. एकक होते ते महसुली गाव नव्हे, वस्ती. आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात हा भेद मोलाचा. इथे एक गाव म्हणजे चार-पाच टोले असतात, एक टोला तलावाच्या पाळीकडे तर दुसरा नाल्यापलीकडे. पाचशे मीटरच्या आतले टोले एकत्र मोजायचे आणि त्यापलीकडचे वेगळे, असा नियम होता. त्यामुळे पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेले की तुटणारा टोला कागदावर कधी ‘जोडलेला’ ठरे, कधी संख्येत कमी पडे.

आणि इथे गोंदियाची खास अडचण सुरू होते. देवरी, सालेकसा हे आदिवासी तालुके. देवरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. दरेकशाजवळच्या कचारगडला माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड समाज लाखांनी येतो. तरीही गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात नाही. शेजारचा गडचिरोली आहे, चंद्रपूर आहे, गोंदिया नाही. पुढे २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी निघाली. महाराष्ट्रातले नंदुरबार, वाशिम, उस्मानाबाद आणि गडचिरोली आत, गोंदिया बाहेर. मागासपणाच्या दारांतून जिल्ह्याला प्रवेश मिळाला नाही. जे दार उघडले ते नक्षलवादाचे.

२००९ मध्ये केंद्राने डाव्या अतिरेकी कारवायांनी ग्रासलेल्या आठ राज्यांतल्या ३४ जिल्ह्यांसाठी रस्त्यांची स्वतंत्र योजना मंजूर केली, पूर्ण केंद्रीय खर्चाची. महाराष्ट्रातून त्यात दोनच नावे, गडचिरोली आणि गोंदिया. २०१० मध्ये ‘एकात्मिक कृती आराखडा’ आला. साठ आदिवासी व मागास जिल्ह्यांना पहिल्या वर्षी २५ कोटी, दुसऱ्या वर्षी ३० कोटी थेट देण्यात आले. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा वनाधिकारी अशा तिघांच्या समितीने गरज पाहून ते खर्च करायचे. पुन्हा महाराष्ट्रातून तीच दोन नावे. या आराखड्यातल्या जिल्ह्यांना ग्रामसडक योजनेतही २५० लोकवस्तीचा सैल निकष लागू झाला. म्हणजे चिचगडकडच्या टोल्याला रस्ता मिळाला तो तिथे आदिवासी राहतात म्हणून नव्हे, तर गृहमंत्रालयाच्या यादीत जिल्ह्याचे नाव होते म्हणून.

त्या तिघांच्या समितीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. लोकप्रतिनिधींना वगळल्याबद्दल तेव्हा बरीच ओरड झाली आणि ती योग्य होती. तीन अधिकाऱ्यांनी जिल्ह्याचा प्राधान्यक्रम ठरवणे लोकशाहीत शोभत नाही. पण रकमेचा लवचीकपणा ही मोठी गोष्ट होती. एखाद्या नाल्यावर रपटा हवा, एखाद्या शाळेपर्यंतची चारशे मीटर वाट हवी, कुठल्याच केंद्रीय योजनेच्या रकान्यात न बसणारे हे काम जिल्ह्यात बसून मंजूर करता येई. निवडून आलेल्या जिल्हा परिषदेला केंद्राने असा पैसा कधी दिला नाही.

नक्षलवादाचे लेबल पैशापुरते नव्हते. वनजमिनीच्या परवानगीतही त्याची सवलत होती. वनसंवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत डाव्या अतिरेकाच्या क्षेत्रातल्या सार्वजनिक उपयोगाच्या प्रकल्पांना पाच हेक्टरपर्यंत मोकळीक आहे. लेबल नसेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) ची एक हेक्टरची वाट उरते, तीही ग्रामसभेच्या शिफारशीने. मला ती अधिक सन्मानाची वाटते, पण पाच किलोमीटरच्या जंगलरस्त्याला ती पुरत नाही.

या रस्त्यांची किंमत माणसांनीही मोजली, हे विसरता येत नाही. १ मे २०१९ रोजी शेजारच्या कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहने जाळली गेली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. रस्ता नको म्हणणारे आणि रस्ता करणारे दोघेही रस्त्याचे महत्त्व सारखेच ओळखून होते.

एप्रिल २०२४ मध्ये देशातले ३८ नक्षलग्रस्त जिल्हे उरले, त्यांत गोंदिया होता. एप्रिल २०२५ मध्ये संख्या १८ वर आली, तेव्हा बालाघाट आणि गडचिरोली आत राहिले आणि गोंदिया बाहेर पडला. बातमी आनंदाचीच. पण टोला तोच आहे, नाला तोच आहे, लोकसंख्याही तेवढीच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएमजीएसवायच्या चौथ्या टप्प्यात ६२,५०० किलोमीटर रस्ते आणि २५,००० वस्त्या आहेत, खर्च ७०,१२५ कोटी. त्यातही सपाटीला ५००, पाचवी अनुसूची आणि आकांक्षित जिल्हे-तालुक्यांना २५०, आणि डाव्या अतिरेकाच्या जिल्ह्यांना १०० हाच निकष. तो ठरला तेव्हा गोंदिया यादीत होता. दोनशे माणसांच्या टोल्याचे भवितव्य कुठल्या तारखेची यादी धरायची यावर अवलंबून राहावे, ही शांततेची विचित्र शिक्षा आहे.

आणखी एक बदल शांतपणे झाला. २०१५-१६ पासून ग्रामसडक योजनेचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटला गेला. त्याच सुमारास करांतला राज्यांचा हिस्सा चौदाव्या वित्त आयोगाने ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला होता, त्यामुळे तक्रारीला फार जागा नव्हती. पण परिणाम वेगळा झाला. राज्याचा ४० टक्के हिस्सा वेळेवर निघाला तरच केंद्राचा पुढचा हप्ता येतो, आणि राज्याच्या तिजोरीवर ताण आला की कंत्राटदाराचे देयक अडकते. २०२५ मध्ये राज्यभरातले कंत्राटदार थकबाकीसाठी रस्त्यावर आले, त्याच्या मुळाशी बाकी कारणांबरोबर हेही होते. रोजगार हमीचेही तसेच. वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाराष्ट्राची योजना शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करावर चाले. २००५ च्या केंद्रीय कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राने घेतला. २०२१ ची मातोश्री पांदण रस्ते योजना याच पैशाच्या भरवशावर आखली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्याने हा भारही ६०:४० वर आणला. पांदण रस्त्यांचा हिशोब राज्याला आता नव्याने मांडावा लागणार.

या सगळ्या डांबराने काय साधले? अर्थतज्ज्ञ सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोवोसाद यांनी लोकसंख्येच्या उंबरठ्यावरची गावे तपासून २०२० मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष उत्साहावर पाणी टाकणारा आहे. रस्ता झाल्यानंतर चार वर्षांत शेती, उत्पन्न किंवा मालमत्तेत मोठा फरक दिसत नाही. दिसतो तो एवढाच की माणसे शेतीबाहेरच्या कामाला जाऊ लागतात. अंजली अदुकिया यांच्यासोबतच्या दुसऱ्या अभ्यासात रस्त्यामुळे मुलांचे उच्च प्राथमिक शाळेतले प्रमाण वाढल्याचे दिसले. गोंदियाकडे पाहताना हे पटते. रस्त्याने धानाला आपोआप भाव मिळत नाही. भाव हमीकेंद्र आणि गिरणी ठरवते. पण सकाळची एसटी येते, मुलगी आठवीनंतर तालुक्याला जाते, बाळंतिणीची गाडी दारापर्यंत पोचते. हे उत्पन्नाच्या तक्त्यात दिसत नसेल तर तक्त्यात काहीतरी कमी आहे.

मग खड्डा. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळा प्रश्न इथेच तुंबला आहे. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पहिली पाच वर्षांची देखभाल बांधणाऱ्या कंत्राटदाराकडे असते आणि तिचे पैसे राज्य देते. सहाव्या वर्षी रस्ता जिल्हा परिषदेच्या अंगावर येतो. तिच्याकडे ‘३०५४’ या लेखाशीर्षाखाली दुरुस्तीला मिळणारी रक्कम असते, आणि ती रस्त्यांच्या लांबीशी नाते सांगत नाही. नवे काम ‘५०५४’ खाली. नव्या कामाला भूमिपूजन असते, कुदळ असते, फलक असतो. ३०५४ च्या कामाचे नारळ फुटताना कुणी पाहिले आहे का? आमदारांच्या सूचनेने ‘२५१५’ या लेखाशीर्षातून गावात सिमेंटचा तुकडा होतो, पण त्या गावाला जोडणारा तीन किलोमीटरचा रस्ता उखडलेलाच राहतो.

गोंदियाचा भूगोल या दुखण्यात भर घालतो. पावसाचे प्रमाण मोठे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांत चार महिने पाणी साचलेले. भराव भिजतो, खालची माती फुगते, साइडपट्टी खचते आणि डांबराची कड तुटत आत सरकते. ३.७५ मीटर रुंदीचा हा रस्ता हलक्या वाहतुकीसाठी आखलेला. त्यावरून वैनगंगेची रेती, गिरण्यांचा धान, गिट्टी-मुरुमाचे टिप्पर जातात. चिखलणीच्या हंगामात लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर एका बांधीतून दुसरीत डांबरावरूनच नेले जातात, आणि नवा थर कुदळीने खणावा तसा ओरखडून निघतो. यातले काहीही अनपेक्षित नाही. नाली साफ ठेवणे, साइडपट्टी भरणे, वेळेवर वरचा थर देणे या कामांना नवा रस्ता करण्याच्या तुलनेत किरकोळ पैसा लागतो. ती होत नाहीत म्हणून आठ-दहा वर्षांत तोच रस्ता पुन्हा ‘नवा’ करावा लागतो, दुसऱ्या योजनेच्या नावाने. २०१३ चा पीएमजीएसवायचा दुसरा टप्पा, २०१५ ची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना, २०१९ चा तिसरा टप्पा या तिन्हींचा मोठा भाग जुन्या रस्त्यांच्या दर्जोन्नतीचा आहे. काही दर्जोन्नती खरीच गरजेची होती; वाहतूक वाढली होती. पण काही ठिकाणी तिला दर्जोन्नती म्हणणे म्हणजे न केलेल्या देखभालीला दिलेले सभ्य नाव आहे.

दिल्लीला हे ठाऊक नाही असे नाही. विजय केळकरांच्या अध्यक्षतेखालच्या तेराव्या वित्त आयोगाने रस्ते-पुलांच्या देखभालीसाठी राज्यांना १९,९३० कोटींचे अनुदान दिले होते. पंधराव्या आयोगाने ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांच्या देखभालीसाठी २७,५३९ कोटींची शिफारस केली. ती क्षेत्रनिहाय अनुदानांबरोबर कागदावरच राहिली. पंचायतींना मिळालेल्या त्या आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, आणि महाराष्ट्रात त्याचे वाटप ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १०, जिल्हा परिषद १० असे. रस्ते जिल्हा परिषदेचे, पैसा ग्रामपंचायतीचा. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले होते त्या काळात गोंदिया-भंडाऱ्यात २०२१-२२ च्या निवडणुकांतून आलेले सदस्य होते. त्यांना खड्ड्याबद्दल जाब विचारता येत होता, पण त्यांच्या हातात पैसा नव्हता.

महामार्गांची कथा थोडक्यात. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, कोहमारा-देवरीवरून छत्तीसगडात जातो. जिल्ह्याचे मुख्यालय त्याच्यापासून दूरच राहिले. बालाघाट-गोंदिया-आमगाव-देवरी-कोरची जोडणारा ५४३ आता राष्ट्रीय झाला. ५३ क्रमांकाचा रस्ता नवेगाव आणि नागझिऱ्याच्या मधल्या वन्यजीवांच्या वाटेला छेदतो. डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाल्यावर तिथले चौपदरीकरण उन्नत मार्ग आणि भुयारी वाटांच्या अटींशी बांधले गेले. खर्च वाढला, वेळ गेला. माझ्या मते तो वायफळ गेला नाही. खरा घोळ ‘तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग’ या प्रकाराने केला. घोषणा झाली की राज्याचे बांधकाम खाते हात काढून घेते, आणि अधिसूचना निघेपर्यंत केंद्र हात लावत नाही. मधल्या वर्षांत त्या रस्त्याला कुणीच नसते.

रेल्वे पूर्ण केंद्राची, तरी तिथेही वाट पाहणे सुटले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली गोंदिया-जबलपूर अरुंद मार्गिका रुंद करण्याचे काम १९९० च्या दशकात मंजूर झाले आणि २०२०-२१ च्या सुमारास संपले. एप्रिल २०२५ मध्ये २४० किलोमीटरच्या गोंदिया-बल्लारशा दुहेरीकरणाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये गोंदिया-डोंगरगड चौथ्या मार्गिकेला मंजुरी मिळाली. कोळसा आणि खनिज वाहणाऱ्या मार्गांना पैसा लवकर मिळतो. राज्याने निम्मा वाटा उचललेला वडसा-गडचिरोली हा ५२ किलोमीटरचा मार्ग मात्र सुमारे ४६९ कोटींवरून १,८८६ कोटींवर गेला. भागीदारीत उशिराचा खर्चही निम्मा-निम्मा.

राज्याच्या आतही हेच भांडण आहे, फक्त पातळी खाली. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विदर्भाचा अनुशेष १,२४६ कोटींचा काढला, त्यात रस्ते हे एक ठळक क्षेत्र होते. केळकर समितीने २०१३ मध्ये तोच विषय नव्याने मांडला. विदर्भाचे वैधानिक विकास मंडळ एप्रिल २०२० मध्ये मुदत संपून बंद पडले. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि आता तो गोंदियापर्यंत नेण्याचा राज्याचा बेत आहे. नेऊ द्या. पण द्रुतगती मार्गाला कर्ज मिळते कारण त्यावर टोल बसतो. सालेकशाच्या टोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोल बसणार नाही, म्हणून त्याला कर्जही नाही. केंद्र २०२०-२१ पासून राज्यांना भांडवली खर्चासाठी पन्नास वर्षांची बिनव्याजी कर्जे देते. त्यातूनही नवे बांधकामच होते, देखभाल ‘महसुली खर्च’ ठरून बाहेर राहते. सरकारी हिशोबात नवा रस्ता ही मालमत्ता आणि जुना रस्ता टिकवणे हा खर्च. या एका वर्गवारीने जितके खड्डे पाडले तितके टिप्परांनीही पाडले नसतील.

सुधारणा काय हवी, याबद्दल माझे मत फार क्रांतिकारक नाही. केंद्राने ग्रामसडक योजना गुंडाळून पैसा सरळ राज्यांना द्यावा, ही सूचना मला मान्य नाही. वस्तीची मोजणी, ठरलेला निकष आणि त्रिस्तरीय गुणवत्ता तपासणी नसती तर पालकमंत्र्यांच्या यादीत दोनशे घरांच्या टोल्याचा नंबर लागला नसता. पण वस्तीचा निकष टोल्याच्या स्थितीवर ठरावा, जिल्ह्याच्या लेबलवर नको. जंगलाचे प्रमाण, नाल्याने तुटण्याचे दिवस, आदिवासी लोकसंख्या या गोष्टी तालुक्यागणिक मोजता येतात. देवरी पाचव्या अनुसूचीत आहे की नाही याने पावसाचे पाणी अडत नाही. दुसरे, इंधन उपकरातला ठरावीक वाटा कायद्यात पुन्हा आकड्याने लिहावा आणि तो देखभालीसाठी, रस्त्याच्या लांबीनुसार, थेट जिल्हा परिषदांना द्यावा. तो खर्च झाल्याचा पुरावा मागा, रस्तानिहाय नोंदवही मागा, गुणवत्ता निरीक्षक पाठवा, हरकत नाही. जयकर समितीने निधीची कल्पना मांडली ती रस्ते मोडतात आणि स्थानिक संस्थांना ते परवडत नाही म्हणूनच.

सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड २०२६ ते २०३१ चा. राज्यांचा हिस्सा ४१ टक्क्यांवर कायम, आणि क्षेत्रनिहाय अनुदाने नाहीत. म्हणजे या पाच वर्षांत ग्रामीण रस्त्यांच्या देखभालीला आयोगाच्या वाटेने स्वतंत्र पैसा येणार नाही. त्याच पाच वर्षांत तिसऱ्या टप्प्यातले गोंदियाचे रस्ते एकेक करून कंत्राटदाराच्या मुदतीतून सुटून जिल्हा परिषदेच्या ३०५४ मध्ये दाखल होतील. चौथ्या टप्प्यासाठी कुठल्या टोल्यांची नावे पाठवायची हेही याच काळात ठरेल, आणि ती पाठवताना जिल्हा कुठल्या यादीतला धरायचा, याचे लेखी उत्तर जिल्हा परिषदेने आत्ताच मागून घेतलेले बरे.